क्रमांक, जागा की ओळख? कमांड लाइनवर नेमकं उपकरण कसं निवडायचं

संगणकाला दोन पेनड्राइव्ह, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि आतली एसएसडी जोडलेली आहे. खिडक्यांच्या प्रोग्रॅममध्ये या चारही गोष्टींची चित्रं दिसतात, नावं दिसतात, आकार दिसतो. आपण पाहतो आणि क्लिक करतो. टर्मिनलवर यातलं काहीच समोर नसतं. तिथे ‘एसडीबी’ अशी तीन अक्षरं लिहायची आणि एंटर दाबायचं. त्या तीन अक्षरांतलं शेवटचं चुकून ‘ए’ झालं, तर काही कमांड एक प्रश्नही न विचारता भलत्याच डिस्कवर लिहायला सुरुवात करतात.

उपकरण निवडण्याचे ऑप्शन वरवर पाहता असंख्य आहेत. प्रत्येक कमांडचं अक्षर वेगळं, लिहिण्याची पद्धत वेगळी. पण त्या अक्षरापुढे आपण जे लिहितो, ते तीनच प्रकारचं असतं. उपकरण कितवं सापडलं तो क्रमांक, ते कुठे जोडलंय ती जागा, किंवा ते स्वतः कोणतं आहे ती ओळख. हे तिन्ही वेगळे ओळखता आले की कुठलीही नवी कमांड परकी वाटत नाही. आणि बहुतेक घोटाळे एकाच कारणाने होतात: आपण क्रमांकालाच ओळख समजून बसतो.

(कमांड आणि ऑप्शन इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे, आणि लहान-मोठ्या (स्मॉल-कॅपिटल) अक्षरांचा फरक तिथे पाळायचा.)

क्रमांक येतो कुठून?

संगणक सुरू होताना लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जोडलेलं हार्डवेअर शोधत जातो. पहिली डिस्क सापडली की ती ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’, तिसरी ‘एसडीसी’. यूएसबीवरचा पहिला सीरियल कन्व्हर्टर (यूएसबीला जुन्या धर्तीचं सीरियल पोर्ट जोडून देणारी वायर) ‘टीटीवाययूएसबी०’, पुढचा ‘टीटीवाययूएसबी१’. पहिला कॅमेरा ‘व्हिडिओ०’. ही सगळी नावं ‘/डेव्ह’ या फोल्डरमध्ये फाइलसारखी दिसतात. दवाखान्यात टोकन मिळतं तसंच हे. आज तुम्ही तिसरे आलात म्हणून तीन नंबर. उद्या तोच मिळेल असं नाही, आणि टोकनवरून तुम्ही कोण हेही कळत नाही.

बरेच ड्रायव्हर आपापलं शोधकाम एकाच वेळी करतात, त्यामुळे कोण आधी सापडेल याची खात्री नसते. एकही वायर हलवलेली नसताना पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर दोन डिस्कची अक्षरं अदलाबदल झालेली दिसू शकतात. सीरियल पोर्टच्या बाबतीत आणखी एक गंमत घडते. एखादा प्रोग्रॅम ‘टीटीवाययूएसबी०’ उघडून बसलेला असताना वायर निघाली आणि लगेच परत लावली, तर जुनं नाव अजून त्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असतं. म्हणून तेच उपकरण आता ‘टीटीवाययूएसबी१’ होऊन येतं. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, शून्य लिहिलेलं असेल तर ती स्क्रिप्ट रिकाम्या नावावर धडकते.

कर्नलला मात्र या नावांशी फारसं देणंघेणं नसतं. तो प्रत्येक डिव्हाइस फाइलमागे दोन आकडे ठेवतो, मेजर आणि मायनर. मेजर आकडा ड्रायव्हर कोणता ते सांगतो, मायनर त्या ड्रायव्हरकडचं उपकरण कोणतं ते. ‘एसडी’ डिस्कचा मेजर ८ आहे. ‘एसडीए’चा मायनर ०, ‘एसडीबी’चा १६. मध्ये सोळाचं अंतर का, तर एक आकडा पूर्ण डिस्कसाठी आणि पंधरा तिच्यावरच्या पार्टिशनसाठी, म्हणजे तिच्या पाडलेल्या भागांसाठी, राखून ठेवलेले. ‘एलएस -एल’ केल्यावर नेहमीच्या फाइलचा आकार जिथे दिसतो, तिथे डिव्हाइस फाइलसाठी हेच दोन आकडे दिसतात.

एनव्हीएमई या वेगवान एसएसडीच्या प्रकारातल्या डिस्कची नावं लांबलचक वाटतात, पण वाचायला सोपी आहेत. ‘एनव्हीएमई०एन१पी२’ म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर, त्यावरची पहिली नेमस्पेस (साठवणुकीचा स्वतंत्र विभाग), तिचं दुसरं पार्टिशन. कंट्रोलरची मोजणी शून्यापासून आणि नेमस्पेसची एकापासून सुरू होते, इथे नवखे अडखळतात.

तीच डिस्क, अनेक नावं

लिनक्सवर यूडेव्ह नावाची सेवा पडद्यामागे चालू असते. उपकरण सापडलं की ती त्याची माहिती वाचते आणि ‘/डेव्ह/डिस्क’ या फोल्डरखाली वेगवेगळ्या नावांच्या लिंक तयार करते. सगळ्या लिंक शेवटी त्याच ‘एसडीबी’कडे बोट दाखवतात, पण प्रत्येकीचा आधार निराळा असतो.

‘बाय-आयडी’ या फोल्डरमधलं नाव बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर जोडून तयार होतं. ही खरी ओळख. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, नाव तेच राहतं. ‘बाय-पाथ’मधलं नाव म्हणजे जागा: कोणत्या कंट्रोलरच्या कोणत्या पोर्टला जोडलंय ते. तिथे दुसरी डिस्क लावली तर तिलाही तेच नाव मिळेल. ‘बाय-लेबल’ म्हणजे फाइल सिस्टिमला (फॉरमॅट केल्यावर डिस्कवर तयार होणाऱ्या फाइलींच्या रचनेला) आपण दिलेलं नाव.

‘बाय-यूयूआयडी’मधल्या यूयूआयडी या लांबलचक ओळख-क्रमांकाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तो डिस्कचाच कायमचा क्रमांक आहे असं पुष्कळांना वाटतं. तो डिस्कचा नसतो, डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा असतो. फॉरमॅट केलं की बदलतो. आणि एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली की दोन्हींचा यूयूआयडी एकच होतो. मग दोन्ही जोडलेल्या असताना ‘बाय-यूयूआयडी’ची लिंक कोणाकडे जाईल, यावर विसंबता येत नाही. संगणक सुरू होताना कोणतं पार्टिशन माउंट करायचं, म्हणजे वापरासाठी फोल्डरात जोडायचं, हे सांगायला यूयूआयडी उत्तम, कारण तिथे आपल्याला मजकुराशीच मतलब असतो. पण ‘ही वस्तू पुसून टाक’ असं सांगताना वस्तूचीच ओळख हवी, म्हणजे ‘बाय-आयडी’.

याचा सगळ्यात जास्त उपयोग ‘डीडी’ या जुन्या कमांडला होतो. तिच्या ऑप्शनला आधी आडवी रेघ नसते; ‘आयएफ=’ म्हणजे कुठून वाचायचं आणि ‘ओएफ=’ म्हणजे कुठे लिहायचं. ती खात्री करून घेत नाही, समोर काय आहे ते विचारत नाही. ‘ओएफ=’पुढे ‘बाय-आयडी’चा लांब पत्ता लिहायला कंटाळा येतो हे खरं, पण टॅब दाबून तो पूर्ण करून घेता येतो, आणि एंटर दाबण्याआधी डोळ्यांसमोर कंपनीचं नाव आणि मॉडेल दिसतं. ‘एसडीबी’ आणि ‘एसडीए’ यांत एका अक्षराचा फरक. या दोन लांब नावांत मात्र चूक व्हायला खरोखर प्रयत्न करावा लागतो. माझ्या मते हा कंटाळा प्रत्येक वेळी सोसावा.

त्याआधी यादी पाहायची. ‘एलएसबीएलके’ ही कमांड डिस्कचं झाड दाखवते, पण नुसती चालवली तर मॉडेल दाखवत नाही. लहान ‘-ओ’ ऑप्शन देऊन नेम, साइझ, मॉडेल, सीरियल आणि माउंटपॉइंट हे रकाने मागून घ्यायचे. आकारावरून अर्धं काम होतं, माउंटपॉइंटवरून उरलेलं: ज्या डिस्कसमोर नुसती तिरकी रेघ दिसते ती चालू सिस्टिमची, तिला हात लावायचा नाही. तरीही शंका राहिली तर उपकरण काढून यादी घ्या, लावून पुन्हा घ्या. जी ओळ नव्याने आली ती तुमची. याहून भरवशाची पद्धत मला माहीत नाही, आणि ती डिस्कपासून स्कॅनरपर्यंत सगळ्यांना चालते.

पूर्ण डिस्क आणि पार्टिशन यांतही गल्लत होते. ‘एसडीबी’ म्हणजे अख्खी डिस्क, ‘एसडीबी१’ म्हणजे तिचा पहिला भाग. इन्स्टॉलेशनची इमेज पेनड्राइव्हवर लिहिताना सहसा अख्खी डिस्क द्यायची असते. भागावर लिहिली तर बूट होत नाही आणि कारण लवकर सापडत नाही.

विंडोजवर ‘डिस्कपार्ट’मध्ये निवड आणि कृती या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. आधी ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क २’, आणि नंतर जी कमांड द्याल ती निवडलेल्या डिस्कवर चालते. ‘क्लीन’ म्हटलं की तिथेही खात्रीचा प्रश्न येत नाही. म्हणून मधे ‘डीटेल डिस्क’ ही एक कमांड टाकावी. निवडलेल्या डिस्कचं मॉडेल आणि तिच्यावरचे भाग समोर येतात. मॅकवर डिस्कची यादी ‘डिस्कयूटिल लिस्ट’ देते.

ग्राफिक्स कार्ड: इथे क्रमांक दोनदा बदलतो

एकाच संगणकात दोन-तीन ग्राफिक्स कार्ड असली की हा विषय खऱ्या अर्थाने अवघड होतो, आणि मशीन लर्निंग करणाऱ्या प्रत्येकाला तो कधीतरी भेटतोच.

एनव्हिडियाची ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड कार्डांची यादी दाखवते आणि लहान ‘-आय’ ऑप्शनने त्यातलं एक निवडू देते. तिची मोजणी पीसीआय पत्त्याच्या क्रमाने असते, म्हणजे मदरबोर्डवरच्या जागेप्रमाणे. पण कूडा (कार्डावर गणितं करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) वापरणारे प्रोग्रॅम मुळात वेगळ्या क्रमाने मोजतात: सर्वात वेगवान वाटणारं कार्ड शून्य. सगळी कार्डं एकाच मॉडेलची असतील तर हा फरक जाणवत नाही. एक जुनं आणि एक नवं असेल तर मात्र एका यादीतलं शून्य दुसऱ्या यादीत एक होऊ शकतं. आपण जुन्या कार्डावर काम लावतो, आणि गरम व्हायला लागतं नवं. ‘कूडा डिव्हाइस ऑर्डर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगला) ‘पीसीआय बस आयडी’ ही किंमत दिली की दोन्ही मोजण्या जुळतात. अशा संगणकावर ही ओळ सुरुवातीच्या सेटिंगमध्येच कायमची टाकून ठेवावी.

दुसरा बदल ‘कूडा व्हिजिबल डिव्हाइसेस’ या व्हेरिएबलमुळे होतो. त्यात २ लिहिलं की प्रोग्रॅमला फक्त दोन क्रमांकाचं कार्ड दिसतं. बाकीची त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतात. पण त्याला दिसणारं ते एकमेव कार्ड आता त्याच्या लेखी शून्य असतं! मग त्याच प्रोग्रॅमला ऑप्शनमधूनही ‘डिव्हाइस २’ सांगितलं, तर तो म्हणतो असं कार्डच नाही. एक चाळणी बाहेर लागली, दुसरी आत. आतल्या चाळणीची मोजणी उरलेल्या कार्डांवर नव्याने सुरू होते. दोन्हींपैकी एकच वापरावी.

यादीतला एखादा क्रमांक चुकीचा असेल तर काय होतं? त्याच्या आधीची कार्डं दिसतात, त्याच्यापासून पुढची सगळी गायब होतात. पहिलाच क्रमांक चुकला तर एकही कार्ड दिसत नाही, आणि पुष्कळ प्रोग्रॅम अशा वेळी गुपचूप सीपीयूवर काम सुरू करतात. चूक दाखवणारा संदेश नाही, फक्त सगळं कमालीचं संथ. काम संथ चाललंय असं वाटलं तर आधी हा क्रमांक तपासा.

इथेही ओळख वापरता येते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला मोठा ‘-एल’ दिला की प्रत्येक कार्डाचा यूयूआयडी मिळतो, आणि ‘व्हिजिबल डिव्हाइसेस’मध्ये क्रमांकाऐवजी तो लिहिलेला चालतो. डिस्कच्या यूयूआयडीसारखी इथे शंका नाही. हा कार्डाचाच असतो, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं तरी बदलत नाही.

यूएसबी, सीरियल आणि फोन

‘एलएसयूएसबी’ची प्रत्येक ओळ दोन गोष्टी सांगते. सुरुवातीला बस आणि डिव्हाइसचा क्रमांक. हा डिव्हाइस क्रमांक वायर काढून लावली की बदलतो, म्हणून तो कुठेही लिहून ठेवू नये. पुढे ‘१डी६बी:०००२’ असा जोड असतो. पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा उत्पादनाचा, दोन्ही चार-चार हेक्स आकडी (० ते ९ आणि ए ते एफ). लहान ‘-एस’ ऑप्शनने बस आणि क्रमांकावरून निवडता येतं, लहान ‘-डी’ने या जोडावरून. पण लक्षात घ्यायचं ते हे की जोड मॉडेलचा असतो, त्या एका नगाचा नाही. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे लावले तर दोघांचा जोड तोच.

नगाची ओळख सीरियल नंबरने होते, आणि स्वस्त सीरियल कन्व्हर्टरमध्ये तो अनेकदा नसतोच. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’मध्ये असे दोन जुळे कन्व्हर्टर एकाच नावासाठी भांडतात. तिथे ‘बाय-पाथ’, म्हणजे जागा, हाच मार्ग उरतो. मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्रॅम चढवणाऱ्या ‘एव्हीआरड्यूड’मध्ये मोठा ‘-पी’ म्हणजे पोर्ट आणि लहान ‘-पी’ म्हणजे चिपचा प्रकार, एवढंही ध्यानात ठेवावं. मॅकवर एकाच पोर्टची ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशी दोन नावं दिसतात. ‘टीटीवाय’ समोरून कॅरियर सिग्नल येण्याची वाट पाहत थांबतं, म्हणून आपण जोडणी सुरू करताना ‘सीयू’ घ्यायचं.

अँड्रॉइड फोनला संगणकावरून सूचना देणाऱ्या ‘एडीबी’ या कमांडने हा प्रश्न फार चांगल्या रीतीने सोडवलाय. एकच फोन जोडलेला असेल तर ती काही विचारत नाही. एकाहून जास्त असतील तर अंदाज न बांधता सरळ थांबते आणि तसं सांगते. मग लहान ‘-एस’पुढे सीरियल नंबर द्यायचा, यूएसबीवर एकच फोन असेल तर लहान ‘-डी’, एकच एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) असेल तर लहान ‘-ई’ पुरतो. दिवसभर एकाच फोनवर काम असेल तर ‘अँड्रॉइड सीरियल’ हे व्हेरिएबल एकदा भरून ठेवलं की झालं. संशय आला की थांबणं हा गुण प्रत्येक कमांडमध्ये असायला हवा होता.

आवाज, कॅमेरा, नेटवर्क

लिनक्सच्या आवाज-यंत्रणेतल्या, म्हणजे अल्साच्या, ‘एप्ले’ला लहान ‘-एल’ दिला की साउंड कार्डांची यादी येते. मग मोठ्या ‘-डी’पुढे ‘एचडब्ल्यू:१,०’ लिहायचं, म्हणजे एक क्रमांकाचं कार्ड, त्यावरचं शून्य डिव्हाइस. मॉनिटरच्या एचडीएमआयलाही साउंड कार्ड मानलं जातं, त्यामुळे हे क्रमांक सरकतात. त्याऐवजी ‘कार्ड=’पुढे यादीतलं छोटं नाव लिहिता येतं. ‘एचडब्ल्यू’ने फाइलचा सॅम्पल रेट कार्डाला जमत नसल्याची तक्रार आली तर ‘प्लगएचडब्ल्यू’ वापरा. ते मधे रूपांतर करून देतं.

लिनक्सवर एक वेबकॅम लावला तरी अनेकदा ‘व्हिडिओ०’ आणि ‘व्हिडिओ१’ अशी दोन नावं उगवतात. दुसऱ्यातून चित्र येत नाही, मेटाडेटा, म्हणजे चित्राबद्दलची माहिती, येते. म्हणून दुसरा कॅमेरा ‘व्हिडिओ२’ होतो आणि लोक ‘व्हिडिओ१’वर डोकं आपटत बसतात. व्हिडिओ हाताळणाऱ्या ‘एफएफएमपेग’मध्ये कॅमेरा निवडताना ऑप्शनची जागा महत्त्वाची: जो ऑप्शन ज्या इनपुटसाठी आहे तो त्याच्या ‘-आय’च्या आधी यायला हवा. नंतर आला तर तो पुढच्या फाइलला लागू होतो.

नेटवर्कच्या बाबतीत नावांचा प्रश्न खूप विचार करून सोडवला गेला. पूर्वी ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ असे क्रमांक होते आणि दोन कार्डांचे क्रमांक उलटसुलट होत. २०१३ साली सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १९७व्या आवृत्तीपासून ‘ईएनपी३एस०’ अशी नावं आली: ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘पी३’ म्हणजे तीन क्रमांकाची पीसीआय बस, ‘एस०’ म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. क्रमांक जाऊन जागा आली. अर्थात जागाही सरकू शकते. संगणकात नवं पीसीआय कार्ड बसवलं की बसचे आकडे बदलतात आणि सर्व्हर अचानक नेटवर्कवरून दिसेनासा होतो. ‘पिंग’ला मोठा ‘-आय’, ‘कर्ल’ला ‘--इंटरफेस’, ‘टीसीपीडंप’ला लहान ‘-आय’ देऊन हे नाव लिहायचं. ‘टीसीपीडंप’ला मोठा ‘-डी’ दिला की उपलब्ध नावांची यादी मिळते.

एव्हाना दिसलंच असेल की अक्षरांवर विसंबण्यात अर्थ नाही. ‘स्कॅनइमेज’चा लहान ‘-डी’ स्कॅनर निवडतो, ‘एलपी’चा प्रिंटर, आणि ‘स्मार्टसीटीएल’चा लहान ‘-डी’ उपकरण निवडतच नाही, त्याचा प्रकार सांगतो. रेड कंट्रोलरमागच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डामागच्या) डिस्कचं आरोग्य पाहायचं असेल तर तिथे ‘मेगारेड,३’ असं लिहावं लागतं, कारण ती डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमला स्वतंत्रपणे दिसतच नाही. नवी कमांड हाती आली की तिच्या मॅन्युअलमध्ये आधी यादी देणारा ऑप्शन शोधावा, निवडणारा नंतर. यादीत जे दिसतं त्याच रूपात निवड लिहायची असते. काही प्रोग्रॅम निवडीच्या जागी ‘हेल्प’ हा शब्द लिहिल्यावरच यादी देतात. ‘एमपीव्ही’ या व्हिडिओ प्लेअरचा ‘--ऑडिओ-डिव्हाइस’ त्यातला.

परवानगी नाकारली असा संदेश आला तर उपकरण चुकलंय असं नाही. डेबियन आणि उबंटूवर सीरियल पोर्ट ‘डायलआउट’ गटाच्या ताब्यात असतो. आपलं खातं त्या गटात घालून पुन्हा लॉगइन केलं की काम होतं. दर वेळी ‘सुडो’ लावणं, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, मला पटत नाही. चुकीच्या उपकरणावर लिहिण्यापासून अडवणारी एक भिंत त्याने आपणच पाडतो.

स्वतःचं नाव द्या

उपकरण रोजचं असेल आणि स्क्रिप्टमध्ये येत असेल, तर त्याला स्वतःचं नाव देणं उत्तम. ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’ या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल लिहायची. ‘टीटीवाय’ प्रकारचं, अमुक उत्पादक आणि उत्पादन क्रमांकाचं, अमुक सीरियल नंबरचं उपकरण आलं की ‘थर्मामीटर’ नावाची लिंक तयार कर, एवढंच तिथे सांगायचं. कोणते गुणधर्म लिहायचे ते ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ दाखवते; तिला ‘--अॅट्रिब्यूट-वॉक’ ऑप्शन दिला की उपकरणापासून वरच्या पोर्टपर्यंत सगळी साखळी छापली जाते. नियमात जुळवणीसाठी दोन बरोबरची चिन्हं आणि लिंकचं नाव जोडताना अधिक-बरोबर लागतं. एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर नियम जुळवणी करत नाही आणि तक्रारही धड करत नाही. फाइल लिहिल्यावर ‘यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड’ चालवायचं आणि वायर काढून पुन्हा लावायची.

सीरियल नंबर नसलेल्या जुळ्यांसाठी नियमात सीरियलऐवजी पोर्टचा पत्ता लिहायचा. मग ते नाव त्या पोर्टचं होतं, म्हणून कोणतं उपकरण कुठे लावायचं ते पोर्टशेजारी चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती लिंक खरोखर आहे का ते तपासा. नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबू द्या, दुसरं उपकरण शोधायला लावू नका.